कोकिळाचा पंचम

संगीतशास्त्राच्या पहिल्या पुस्तकात मुलांकडून पाठ करून घेतली जाणारी एक यादी असते. मोराचा षड्ज, चातकाचा ऋषभ, बोकडाचा गांधार, क्रौंचाचा मध्यम, कोकिळाचा पंचम, बेडकाचा धैवत आणि हत्तीचा निषाद. ही यादी आजकालची नव्हे. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ती ‘संगीतरत्नाकरा’त दिली आहे आणि त्याच्याही आधीच्या ‘नारदीय शिक्षे’त ती थोड्या फरकाने आढळते. शार्ङ्गदेव हा दरबारात जमाखर्चाच्या खात्यावरचा अधिकारी होता. राज्याचे हिशेब पाहता पाहता त्याच्या कानांवर मोर आणि चातकही पडत असले पाहिजेत, ही गोष्ट मला त्या यादीपेक्षाही लक्षात ठेवण्याजोगी वाटते. मुले मात्र यादी पाढ्यासारखी म्हणतात, मास्तर मान डोलावतात, आणि प्रकरण तेथेच मिटते.

माझ्या सुरतेच्या वर्गातल्या एका मुलीने ते मिटू दिले नाही. ही मुलगी उधन्याहून येते. वडील खानदेशातले, यंत्रमागाच्या खात्यात कामाला. (कारखान्याला इकडे खातेच म्हणतात, हे बडोदेकर वाचकांना सांगावयास नको.) यादी म्हणून झाल्यावर ती म्हणाली, “सर, कोकीळ पंचम लावतो म्हणता, पण कुणाचा षड्ज धरून?”

प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा आहे. आपल्या गाण्यात षड्ज कुठे खुंटीला बांधून ठेवलेला नसतो. ज्याचा जसा गळा तसा त्याचा षड्ज. आणि षड्ज ठरल्यावाचून पंचमाला काही अर्थ नाही. मग झाडावर एकटा बसून ओरडणाऱ्या पक्ष्याचा स्वर पंचम म्हणावयाचा तो कोणत्या हिशेबाने? माझे वडील दरबारी गवई. असल्या प्रश्नांना ते उत्तर देत नसत. “ऐकून ये, मग बोलू,” एवढेच म्हणत. मीही वर्गाला तेच सांगितले. तेव्हापासून दर फाल्गुन-चैत्रात आमच्या वर्गाचा आठवड्यातला एक तास पेटी-तंबोऱ्याविना होतो. त्या तासाला प्रत्येकाने आपल्या घराच्या खिडकीतून, अगाशीतून, नाहीतर फाटकापासच्या झाडाखालून ऐकलेला एक आवाज घेऊन यावयाचा आणि तो शक्य तितका नेमका सांगावयाचा. रानात जावयाचे नाही, बागेचे तिकीट काढावयाचे नाही. घराच्या आसपास जे असेल ते.

सुरतेत ऐकण्यासारखे काय असणार, असे वाटणे साहजिक आहे. या शहराची कीर्ती हिऱ्यांची, जरीची, कापडाची आणि जेवणाची. पण झाडे अजून आहेत. अठवा लाइन्सच्या जुन्या बंगल्यांतून आहेत, नानपुऱ्यात आहेत, रांदेरच्या बाजूला नदीकाठी आहेत. शहरापासून थोडे दूर डुमसच्या वाटेवर गवियरचे तळे ‘नेचर क्लब सुरत’ या संस्थेने जिव्हाळ्याने जपले आहे. रविवारी सवड असेल त्याने तेथे अवश्य जावे. आमचा प्रश्न मात्र सोमवार ते शनिवारचा आहे.

कोकिळापासूनच सुरुवात झाली. पहिल्याच आठवड्यात नऊ मुलांपैकी सहांनी कोकीळ आणला, आणि सहाही जण ‘ती गात होती’ असे म्हणत होते. वास्तविक गातो तो नर. काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी रंगाची, अंगभर पांढरे ठिपके असलेली; तिच्या तोंडी ‘किक् किक् किक्’ असा कर्कश पुकारा तेवढा असतो. आपण मात्र गोड गळ्याच्या बाईला कोकिळा म्हणतो, गानकोकिळा हा किताब देतो. भाषेने एकदा ठरवले की निसर्गाचे काही चालत नाही. कावळ्याच्या घरट्यात अंडे घालण्याचे काम मात्र मादीचे, आणि नराचा आरडाओरडा त्या कामाला उपयोगी पडतो. चिडलेले कावळे त्याच्या मागे लागतात आणि इकडे घरटे मोकळे सापडते.

मग पंचमाची तपासणी. मुलांना मी सांगितले की, कोकिळाची पहिली हाक ऐका आणि पेटीवर तिला बोट लावा. बोट लागेना. एक तर तो स्वर सरळ येत नाही, ‘कु’वरून ‘ऊ’वर घसरत, किंबहुना चढत येतो. दुसरे असे की, दुसरी हाक पहिल्यापेक्षा वर, तिसरी त्याहून वर, आणि प्रत्येक वेळी वाढ इतकी थोडी की पट्टी पट्टीला पुरत नाही. स्वर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत जातो. अशा सात-आठ हाका झाल्या, आवाज चढत चढत टिपेला गेला, की एकाएकी सगळे बंद. थोड्या विसाव्यानंतर पुन्हा खालून आरंभ. म्हणजे एका दमात कोकीळ जी वाट चालतो तिच्यात एकच स्वर धरून ‘हा पंचम’ असे म्हणावयास जागाच नाही. मग शार्ङ्गदेव चुकला काय? मला तसे वाटत नाही. शास्त्रकारांना कंपनसंख्या सांगावयाची नव्हती. त्या त्या स्वराची जात, त्याचा स्वभाव श्रोत्याला ओळखता यावा एवढाच हेतू असावा. पंचम हा सप्तकातला निश्चिंत, भरदार, लांबवर पोचणारा स्वर. आणि लांबवर पोचण्यात कोकिळाचा हात धरणारा पक्षी आपल्याकडे दुसरा नाही. गंमत अशी की, वसंत ऋतूचा म्हणून शास्त्राने सांगितलेला जो जुना राग हिंडोल, त्यात पंचम वर्ज्य आहे! ऋषभही नाही. ही विसंगती मुलांना फार आवडली. कोकिळाला हिंडोल गाता येणार नाही, असा निकाल त्यांनी देऊन टाकला.

तालाचा मान तांबटाचा. चिमणीहून किंचित मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल टिळा असलेला हा पक्षी वडा-पिंपळाच्या शेंड्यावर बसून ‘टुक् टुक् टुक्’ असा ठेका धरतो. तांब्याचे भांडे ठोकल्यासारखा आवाज, म्हणून तांबट. गुजराती शेजाऱ्यांना नाव विचारले तर ते म्हणतात कंसारो. दोन भाषांनी स्वतंत्रपणे ऐकले आणि दोघींनाही हातोडीच आठवली, याहून चांगली साक्ष कोणती? हा आवाज काढताना तांबटाची चोच मिटलेली असते. गळ्याच्या दोन्ही बाजूंची कातडी तेवढी फुगते. ठोक्यागणिक मान इकडून तिकडे वळते, त्यामुळे आवाज या फांदीवरून आला की त्या, हे सांगता येत नाही. सुरुवातीचे ठोके दबके असतात, मग लय आणि आवाज स्थिरावतात. तबल्याच्या वर्गातल्या एका मुलाने घड्याळ लावून मोजले, तर मिनिटाला एकशे दहाच्या आसपास ठोके आले. पक्षिशास्त्राच्या पुस्तकांतही 108 ते 121 असाच आकडा आहे. मी त्या मुलाला म्हणालो की, शंभर ठोक्यांत जो पळत नाही तो खरा लयदार; तांबट पळत नाही, तू पळतोस. तेव्हापासून तो खिडकीत बसून तांबटाबरोबर हाताने ठेका धरतो. शेजाऱ्यांना काय वाटते ते मी विचारलेले नाही.

तांबटाचे एक ठिकाण सांगण्याजोगे आहे. कतारगामच्या बाजूला इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांची जुनी कबरस्थाने आहेत. घुमट, कमानी, खांब; परक्या देशात मेलेल्या माणसांनी मशिदी-मकबऱ्यांशी स्पर्धा करावी तसे बांधकाम. त्यांपैकी डचांच्या बाजूची मोठी कबर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याची. हा मलबारात डचांचा सेनापती आणि कारभारी होता. 1691 च्या डिसेंबरात सुरतेकडे येताना समुद्रावर वारला आणि येथे पुरला गेला. व्यापार आणि लढाया करणारा हा मनुष्य आज आठवतो तो एका वेगळ्याच कामासाठी. मलबारातील सातशेहून अधिक वनस्पतींची चित्रे आणि वर्णने असलेला ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने करविला. तो 1678 ते 1693 या काळात अॅम्स्टरडॅमला छापला गेला. झाडे ओळखण्याचे काम इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याने आणि रंगभट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोकणी वैद्यांनी केले. त्या तिघांनी 1675 साली कोकणी भाषेत, नागरी लिपीत लिहून दिलेला दाखला पहिल्या खंडात जसाच्या तसा छापला आहे. नागरी अक्षरे युरोपात छापली गेली त्याच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. घराजवळचे झाड नीट पाहावे, त्याला स्थानिक लोक काय म्हणतात ते विचारावे आणि ते नाव त्यांच्या लिपीत टिपून ठेवावे, हे ज्याने केले त्याची कबर आपल्या सुरतेत आहे. आपले लोक त्या रस्त्याने रोज जातात. मी मुलांना तेथे नेले तेव्हा वर एक तांबट बोलत होता आणि बाहेर रिक्षांचे भोंगे. दोहोंत कोणाची लय अधिक स्थिर ते सांगावयास नको.

दयाळाचा विषय निघाला की मला बडोदे आठवते. पहाटेच्या रियाजाला वडील चारला बसत. तंबोरा लागलेला असे, खर्ज चाललेला असे, आणि साडेपाचच्या सुमारास परसातल्या लिंबावर दयाळ सुरू होई. वडील तेवढ्यापुरते थांबत. तंबोरा चालू, गळा बंद. त्याचे पहिले आवर्तन झाले की पुन्हा सुरू. “तो आधी गात होता,” एवढेच कारण ते देत. काळा-पांढरा, शेपटी वर करून बसणारा हा पक्षी हिवाळाभर घराभोवती असतो, पण एखादी कुरकुर सोडली तर मुका. माघ सरता सरता दिवस वाढू लागतो, त्या वाढत्या उजेडाची वर्दी त्याच्या शरीरातल्या ग्रंथींना पोचते आणि नराचा गळा उघडतो. फाल्गुनात पहिल्या ताना, त्याही अर्ध्यामुर्ध्या. चैत्रात पूर्ण मैफल. पहाटेलाच का, तर त्या वेळी हवा थंड आणि स्तब्ध, आवाज दूर जातो. किडे टिपण्याइतका उजेड अजून नसतो, तेव्हा दुसरे कामही नसते. आमच्या इमारतीसमोर दयाळ बसतो तो दूरचित्रवाणीच्या एका निरुपयोगी झालेल्या तारकाठीवर. तो बुलबुलाची, शिंप्याची नक्कल करून आपल्या तानेत घालतो. खरा घराणेदार गवई असे दुसऱ्याचे घेऊन आपलेसे करतो, याची उदाहरणे बडोद्याच्या जाणत्यांना मी काय सांगावी?

डोळ्यांसाठीही पुष्कळ आहे. पिंपळाची तांबूस कोवळी पालवी ऊन पडले की काचेसारखी दिसते. तिला ‘फक्त’ दहाबारा दिवस असतात, मग ती हिरवी होऊन इतरांसारखी होते. लिंबाला मोहोर येतो. आपण पाडव्याला लिंबाची पाने खातो, गुजराती मंडळी चैत्रात त्याच मोहोराचा रस पितात. झाड एकच, कडूपणा एकच. तापीवर हिवाळाभर ज्यांना लोक पुलावरून आणि कॉजवेवरून गाठिया भरवतात ते कुरव, ज्यांना आता सगळेच सीगल म्हणतात, त्यांची डोकी जानेवारीत पांढरी असतात. मार्चकडे पाहता पाहता एकेकाच्या डोक्यावर गडद टोपी चढू लागते. ही विणीच्या हंगामाची टोपी. ती पुरती चढली की आता हे उत्तरेला निघणार असे समजावे. शंभर जणांतील एकालाही ही टोपी दिसत नाही, कारण सगळ्यांचे लक्ष गाठियाच्या पुडीकडे. (तळलेले गाठिया पक्ष्याला कितपत मानवत असतील, हा विचार निराळा. मला तरी तो प्रकार बंद व्हावा असे वाटते.)

गॅलरीच्या कुंड्यांशी येणारा शिंजीर मात्र डोळ्यांचा आणि कानांचा, दोहोंचा पक्षी. अंगठ्याएवढा जीव. हिवाळ्यात नर मळकट असतो. छातीवरून एक काळी रेघ तेवढी. वसंत आला की तो निळा-जांभळा होतो, उन्हात धातूसारखा चमकतो, आणि जास्वंदीवर उलटा लटकून मध पिता पिता अतिशय बारीक, घाईचा असा काही स्वर काढतो. मादी कोळ्याच्या जाळ्याचे धागे, वाळकी पाने, कागदाचे कपटे यांची लोंबती पिशवी विणते. आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी कपडे वाळत घालण्याच्या दोरीलाच ती विणली गेली आणि त्या घराने तीन आठवडे कपडे अगाशीत वाळविले.

याच शिंजिराने मला जे दाखविले ते सांगावे म्हणून खरे तर हा लेख.

उधन्याच्या त्या मुलीचे वडील तिला सोडावयास येतात. बारा तासांची रात्रपाळी करून, सकाळी तसेच. मुलीचा तास होईपर्यंत जिन्यात बसतात, कधी डुलकी घेतात. एकदा मी त्यांना आत बोलावले आणि सहज म्हणालो की, भाऊ, खिडकीशी शिंजीर बोलतोय बघा. त्यांनी पाहिले. पक्षी त्यांना दिसला. म्हणाले, “सर, हा दिसतो रोज. पण हा बोलतो का? मला नाही येत ऐकू.” मी म्हटले, तांबट? “तो येतो.” कोकीळ? “कोकिळा तर येतेच ना. पावशाही येतो. आमच्या शेतात तो ‘पेरते व्हा’ म्हणायचा.” मग किंचित हसून, “बारीक असं काही नाही येत आता. पोरगी मागून हाक मारते तर कळत नाही कधीकधी.”

यात नवल काहीच नव्हते. कोकीळ, तांबट यांचे आवाज सेकंदाला हजाराच्या आसपास कंपनांचे. आपल्या गळ्याच्या षड्जापासून दोन-तीन सप्तके वर एवढेच. शिंजिराचा स्वर चार हजारांच्याही वर चालतो. यंत्रमागाच्या खात्यात नव्वद डेसिबलच्या वरचा खडखडाट ही नित्याची गोष्ट. तसा आवाज वर्षानुवर्षे कानांवर पडला की कानाच्या आतल्या शंखातील केसांसारख्या सूक्ष्म पेशी मरू लागतात, आणि पहिला घाव पडतो तो नेमका चार हजार कंपनांच्या पट्ट्यात. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. मनुष्य बहिरा होत नाही. त्याचे बोलणे-चालणे चालू राहते. फक्त वरचा थर गळून पडतो. लेकीच्या बोलण्यातला ‘स’ आणि ‘त’ यांतील भेद जातो, पातेल्यातला उकळीचा आवाज जातो, शिंजीर जातो. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना नव्वद डेसिबल ही मर्यादा लिहिलेली आहे. पाळी बाराची असते तेव्हा त्या लिहिण्याचे काय होते, ते कळावयास संगीत शिकावे लागत नाही. कानात घालावयाच्या बोंड्यांना काही फार पैसे पडत नाहीत. खात्याच्या मालकाने त्या दिल्या नव्हत्या. या गृहस्थांनीही मागितल्या नव्हत्या.

सुरतेत लाखो यंत्रमाग आहेत आणि ते चालविणाऱ्यांत खानदेशातील मराठी माणूस मोठ्या संख्येने आहे. तापीच्या काठाने आलेल्या रेल्वेने त्याला येथे आणले. आपण जुने घरंदाज मराठी लोक, कोणी गायकवाडीतून आलेले, कोणी मुंबई इलाख्याच्या नोकरीत येथे बदलून येऊन राहिलेले. त्यांची आपली गाठ गणपतीत पडते, एरवी क्वचितच. पण पक्ष्यांची मराठी नावे कोणाजवळ राहिली आहेत ते पाहू लागलो तर उत्तर विचारात पाडणारे मिळाले. माझ्या वर्गातल्या नानपुरा-अठव्याच्या मुलांना कोकीळ, चिमणी, कावळा आणि पोपट यांपलीकडे मराठी नाव येत नव्हते. एकाने पावशाचा आवाज भ्रमणध्वनीवर ऐकवला, आणि यंत्राने सांगितलेले इंग्रजी नाव वाचून दाखविले. आवाज ओळखणारी ही नवी साधने मला नापसंत नाहीत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने केलेले एक साधन तर फार हुशार आहे, आणि माझाही एखादा घोळ त्याने सोडविला आहे. पण यंत्र नाव सांगते तेव्हा पोराचा कान मोकळा सुटतो. ‘पेरते व्हा’ म्हणणारा हा पक्षी आहे हे ज्याला ठाऊक, त्याला त्या तीन पायऱ्यांचा चढत जाणारा स्वर आणि आभाळात अजून नसलेला पाऊस एकदम ऐकू येतात. त्या वर्गात ‘पावशा’ हे नाव आले ते उधन्याच्या मुलीकडून. तिला ते बापाकडून, बापाला शेताकडून.

येथे 2020 सालच्या वसंताविषयी लिहिले पाहिजे. त्या वर्षी पाडवा 25 मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागली. गुढी उभारून आम्ही दारे लावून घेतली. नंतरचे महिनाभर पक्षी जसे ऐकू आले तसे माझ्या आयुष्यात कधी आले नव्हते. पलीकडच्या रस्त्यावरचा दयाळ आणि आमच्या तारकाठीवरचा दयाळ एकमेकांना उत्तर देत होते, हे तोवर कळलेच नव्हते. मधल्या रहदारीने ती जुगलबंदी कापून टाकली होती. हॉलंडमधील लायडन शहरात 2003 साली शास्त्रज्ञांनी दाखविले होते की गोंगाटाच्या भागातले पक्षी आपला स्वर वर चढवून गातात, कारण रहदारीची घरघर खालच्या पट्टीत असते. 2020 च्या त्या शांततेत सॅनफ्रान्सिस्कोला उलट तपासणी झाली. तेथील रस्ते 1950 च्या दशकाइतके शांत झाले होते. चिमणीच्या जातीचा एक पक्षी हळू आवाजात गाऊ लागला, आणि हळू गाऊनही त्याचा आवाज पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर पोचू लागला. गवई मंडळींनी यावर विचार करावा. ध्वनिक्षेपक वाढवीत नेण्याने गाणे लांब जाते, असा आपला समज आहे.

त्या दिवसांत मी सुरतेच्या पक्ष्यांवर स्नेह्यांना लांबलचक पत्रे लिहिली. शांतता किती सुंदर आहे, असेही लिहिले असेल. ती शांतता माग बंद पडल्याची होती. एप्रिलमध्ये सुरतेत मजूर ‘घरी जाऊ द्या, मजुरी द्या’ म्हणत रस्त्यावर आले, तेव्हा ते सगळ्या देशाने पाहिले. या मुलीचे वडील नंदुरबारच्या बाजूला पायी निघाले होते. व्याऱ्यापर्यंत चालले, पुढे काही अंतर एका ट्रकने नेले, मग पुन्हा चालले. मी त्यांना विचारले की त्या प्रवासात काय ऐकले. प्रश्न वेडगळ होता, पण त्यांनी तो तसा मानला नाही. थोडे आठवून म्हणाले, “सोनगडच्या पुढे रात्री पावशा ओरडत होता. थांबतच नव्हता. आम्ही म्हटलं, याला काय ठाऊक, पेरायला बियाणं कुठंय.” आणि खाते बंद असल्यामुळे कानांतली शीळ पाच-सहा दिवसांनी थांबली होती, हेही त्यांनी सांगितले. गावी गेल्यावर लेकीचे बोलणे बरे कळू लागले होते. जूननंतर परत माग, परत शीळ.

हे कळल्यापासून आमच्या त्या तासाला थोडे वळण लागले आहे. फेब्रुवारीत चार दिवस जगभर घरापाठच्या पक्ष्यांची मोजणी होते. पंधरा मिनिटे एका जागी बसून दिसले-ऐकले ते नोंदवावयाचे. भारतात ती 2013 पासून चालते आणि तिच्यासारख्या नोंदींमधूनच कोणता पक्षी वाढतो, कोणता घटतो याचा देशव्यापी अंदाज बांधला जातो. आमची मुले आता ती करतात. नोंदीत इंग्रजी नाव यंत्रच घालते, पण वहीत मराठी आणि गुजराती अशी दोन्ही नावे लिहावयाची, असा नियम केला आहे. नाव माहीत नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्याला विचारावयाचे, त्याला नसेल तर फाटकावरच्या पहारेकऱ्याला, भाजीवालीला, इस्त्रीवाल्याला. नव्या नावांपैकी निम्म्याहून अधिक नावे या दुसऱ्या वर्गाकडून आली. आणि उधन्याहून येणाऱ्या दोघा-तिघा मुलांच्या घरी कानांत घालावयाची बोंडे गेली आहेत. ती वापरली जातात की नाही, हे विचारणे मी मुलांवर सोपविले आहे. बाप मास्तरांना खोटे सांगेल, लेकीला सांगणार नाही.

या वर्षी त्या मुलीने शिंजीर आणला. सोपे नव्हते. स्वर इतका बारीक आणि घाईचा की दोन आठवडे तिने पहाटे गॅलरीत बसून तो ऐकला, भ्रमणध्वनीवर टिपला, गती कमी करून पुन्हा ऐकला आणि मग वहीत सरगम मांडली: एक चिवचिवाटाचा उठाव, खाली येणारी पाच-सहा स्वरांची घसरण, आणि शेवटी एक झटका. बहुतेक स्वर पट्ट्यांच्या मधलेच, पण जवळची पट्टी धरून तिने ते बसविले. वर्गात तिने ते पेटीच्या अगदी वरच्या टोकाला वाजवून दाखविले. मुलांना ओळखू आले. मग जिन्यातून वडिलांना हाक मारून आत बोलाविले आणि तेच सगळे तीन सप्तके खाली आणून, मंद्रात, सावकाश वाजविले. ते पेटीकडे कान करून उभे होते. दुसऱ्यांदा वाजवून झाल्यावर त्यांनी खिडकीबाहेर पाहिले, तेथे जास्वंदीवर काहीही नव्हते, आणि म्हणाले, “असा बोलतो होय.” मग मुलीला म्हणाले, आता पावशा वाजव, तो मला येतो.